महिनाभराचे घर, अनोळखी गाव: अल्पमुदतीच्या भाड्याच्या सेवेचे परीक्षण

गेल्या दीड वर्षात मी पाच लहान गावांमध्ये सुसज्ज भाड्याच्या घरांत राहिले. सर्वांत छोटा मुक्काम नऊ रात्रींचा होता आणि सर्वांत मोठा सात आठवड्यांचा. माझे काम संगणकावरचे असल्यामुळे ते कोठेही बसून करता येते आणि मोठ्या शहरांपेक्षा लहान गावे मला अधिक मानवतात, एवढेच या भटकंतीचे कारण. चार घरे मी बुकिंगच्या मोठ्या ऑनलाइन सेवांवरून घेतली आणि पाचवे ओळखीतून, थेट मालकाशी बोलून. हे परीक्षण त्यांपैकी कोणत्याही एका घराचे नाही. महिन्या-दीड महिन्यासाठी घर भाड्याने मिळवून देणारी ही जी सेवा आहे, ती अनोळखी लहान गावात खरोखर राहायला गेलेल्या माणसाच्या कितपत उपयोगी पडते आणि नेमकी कोठे हात वर करते, हे मला येथे नोंदवायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. घर शोधून देण्यात ही सेवा उत्तम आहे, त्या घराबद्दल खरे सांगण्यात मध्यम आहे आणि ते घर ज्या गावात आहे तेथे रुळायला मदत करण्यात तिचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. ते काम घरमालक करतो, नाहीतर कोणीच करत नाही.

याचे मूळ या सेवांच्या जन्मात आहे. व्हीआरबीओ १९९५ मध्ये सुरू झाली ती सुट्टीतली घरे मालकाकडून थेट भाड्याने मिळावीत म्हणून आणि एअरबीएनबीची सुरुवात २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाली ती पाहुण्यांना रात्रीपुरती हवेची गादी देण्याच्या कल्पनेतून. दोन्हींचा साचा सुट्टीवर आलेल्या प्रवाशाच्या मापाचा आहे. पुढे लोक याच सेवा वापरून महिना-महिना राहू लागले, तरी साचा फारसा बदलला नाही. शोधाच्या पानावरची छायाचित्रे, सोयींची यादी, गुण, सगळे काही शनिवार-रविवार कसा जाईल या प्रश्नाचे उत्तर देते. तिसऱ्या आठवड्यातल्या एखाद्या मंगळवारी, बाहेर पाऊस पडत असताना आणि काम साचलेले असताना त्या घरात कसे वाटेल, हे त्यातून कळत नाही.

प्रथम गुणांविषयी, कारण बहुतेक जण निर्णय त्यांवरूनच घेतात. एअरबीएनबीवर पाहुणा एकूण गुणांखेरीज सहा बाबींना वेगळे गुण देतो: स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, घरात प्रवेश मिळण्याची सोय, संवाद, ठिकाण आणि पैशांचा मोबदला. या सहांमध्ये शांतता नाही, पाणी नाही, उजेड नाही आणि बसायची खुर्ची तर नाहीच. शिवाय गुणांचा फुगवटा एवढा आहे की त्यांतून निवड करणे अवघड होते. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये या सेवेवरील सहा लाखांहून अधिक घरांचे गुण तपासले, तेव्हा जवळजवळ ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे इतकी निघाली. उत्तम यजमानाचा किताब टिकवण्यासाठी सरासरी ४.८ लागते. म्हणजे शाळेत ज्याला आपण प्रथम श्रेणी म्हणू ते पाचपैकी चार गुण येथे मालकाच्या दृष्टीने जवळजवळ शिक्षाच ठरतात. पाहुण्यालाही हे ठाऊक असते, त्यामुळे तो संकोचाने पाच देऊन मोकळा होतो.

मालक आणि पाहुणा एकमेकांच्या भीतीपोटी गोड लिहितात, हे ओळखून २०१४ पासून तेथे दोघांचे अभिप्राय एकाच वेळी उघड केले जाऊ लागले. दोघांनीही लिहिले की लगेच, नाहीतर चौदा दिवसांची मुदत संपल्यावर. ही सुधारणा चांगली आहे, परंतु लहान गावात ती तोकडी पडते. ज्या बाईंनी तुम्हाला पहिल्या संध्याकाळी स्वतः किल्ली आणून दिली, पाण्याची वेळ समजावून सांगितली आणि निघताना फाटकापर्यंत सोबत केली, त्यांच्या घरातली गादी मधोमध खचली आहे असे जगजाहीर लिहायला हात धजत नाही. मी स्वतः दोनदा लिहिलेले नाही.

त्यामुळे आता मी अभिप्राय निराळ्या पद्धतीने वाचते. प्रथम ‘आठवडे’, ‘महिना’, ‘काम’ हे शब्द शोधते, कारण दोन रात्री राहिलेल्याचे मत आणि चार आठवडे राहिलेल्याचे मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मग काय लिहिलेले नाही ते पाहते. तीस जणांनी बाल्कनीचे कौतुक केले असेल आणि झोपेविषयी एकानेही चकार शब्द काढला नसेल, तर मी मालकाला सरळ विचारते की शयनघराची खिडकी कोणत्या बाजूला उघडते. छायाचित्रांचेही तसेच. खोलीच्या कोपऱ्यातून रुंद भिंगाने टिपलेल्या चित्रात खोली दीडपट दिसते, हे एकदा लक्षात आले की नजर आपोआप खिडकीकडे जाते. आणि एकाही चित्रात खिडकीबाहेरचे दृश्य नसेल तर बाहेर भिंत आहे असे धरून चालावे. माझा हा अंदाज अजून चुकलेला नाही.

नकाशाने मात्र मला एकदा चांगलेच फसवले. बुकिंग पक्के होईपर्यंत या सेवा बहुधा नेमका पत्ता न देता नकाशावर अंदाजाचे वर्तुळ दाखवतात. मालकाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे आणि महानगरात त्याने फरकही पडत नाही, कारण वर्तुळाच्या आत सगळीकडे दुकाने, दवाखाना, बस हे सारे असतेच. लहान गावात तेच वर्तुळ अर्धे गाव व्यापते. माझ्या तिसऱ्या मुक्कामात वर्तुळाचा मध्य बाजारपेठेवर होता आणि घर निघाले रेल्वेमार्गाच्या पलीकडे. सरळ रेषेत पाहिले तर बाजार हाकेच्या अंतरावर होता, पण ओलांडायचा पूल एकच आणि तोही दूर, त्यामुळे पिशव्या घेऊन चालत यायला पंचवीस मिनिटे लागत. तेव्हापासून मी अंतर विचारत नाही. पायी किती मिनिटे लागतात, चढ आहे का आणि अंधार पडल्यावर तुम्ही स्वतः त्या वाटेने जाता का, असे तीन प्रश्न विचारते. एकटीने राहायचे असल्यामुळे तिसऱ्याचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते देताना मालक किती वेळ घेतो, हेही मी पाहते.

आता प्रत्यक्ष राहण्याकडे वळते. नव्या घरात पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा माझ्या स्वभावाचा दोष आहे असे मी अनेक वर्षे समजत होते. ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने माझी त्यातून सुटका केली. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धगोल, त्यांच्या प्रयोगात डावा, दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो आणि अपरिचित आवाजांना अधिक तत्परतेने प्रतिसाद देतो, असे त्यांना आढळले. म्हणजे अर्धा मेंदू राखणीला बसलेला असतो. हे कळल्यापासून मी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणतीही बैठक ठेवत नाही आणि झोपण्यापूर्वी घरातले आवाज मुद्दाम ओळखून घेते. शीतकपाट किती वेळाने घरघरते, पंप कधी सुरू होतो, जिन्यावरची कोणती पायरी वाजते. आवाजाला नाव मिळाले की राखणदार थोडा सैल पडतो. हा शेवटचा निष्कर्ष संशोधनातला नाही, माझा स्वतःचा आहे.

घराच्या बाबतीत सर्वांत अधिक शिकवले ते पाण्याने. अल्पमुदतीच्या भाड्याचे घर आणि रोजच्या वापरातले घर यांत एक मूलभूत फरक असतो, तो म्हणजे पहिले मधूनमधून बंद असते. माझ्या तिसऱ्या घरात शिरताच न्हाणीघरातून गटाराचा वास आला आणि मी मनातल्या मनात स्वच्छतेचे गुण कापून टाकले. दोष स्वच्छतेचा नव्हता. मोरीखालच्या नळीला जे वळण असते त्यात पाणी साठून राहते आणि तेच गटारातले वायू वर येण्यापासून अडवते. घर काही आठवडे बंद राहिले की ते पाणी वाळते आणि वासाला वाट मोकळी होते. एक तांब्याभर पाणी ओतले आणि तासाभरात वास गेला. मालकाला ही गोष्ट ठाऊक होती, पण भिंतीवर चिकटवलेल्या दोन पानी सूचनांमध्ये ती नव्हती. त्यांत टाळ्या वाजवून लागणाऱ्या दिव्याची कृती मात्र सविस्तर होती.

बंद घरातल्या पाण्याचा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. नळ्यांमध्ये आणि टाकीत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या दरम्यान, लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. ते फुफ्फुसात पोहोचतात ते तुषारांतून, म्हणजे मुख्यतः शॉवरमधून. म्हणूनच गरम पाण्याची टाकी ६० अंशांच्या आसपास ठेवावी आणि घर आठवडाभर किंवा त्याहून अधिक वापरात नसेल तर सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत, असे सांगितले जाते. मी आता पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी खिडक्या उघडते, सगळे नळ सोडते आणि शॉवरचे तोंड बादलीत बुडवून पाणी वाहू देते. यात भीतीचा भाग थोडा आणि सवयीचा अधिक आहे. त्याच वेळात पाण्याचा दाब, गरम पाणी यायला लागणारा वेळ आणि गळके नळ हेही कळून जाते आणि तक्रार करायची असेल तर ती पहिल्याच दिवशी करता येते.

एका गावात मला पहिला आठवडाभर वाटत होते की साबण खराब आहे. फेस येईना, केस राठ झाले, किटलीच्या तळाशी पांढरा थर धरला. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक असले, म्हणजे पाणी जड असले, की असेच होते. स्थानिक माणसाला हे इतके अंगवळणी पडलेले असते की नवख्याला सांगावे असे त्याच्या मनातही येत नाही. रुळण्यातली निम्मी अडचण येथेच आहे. गावाला जे ठाऊक आहे ते सांगण्याजोगे आहे, हेच गावाला ठाऊक नसते.

जेथे गॅसवर चालणारे गिझर किंवा शेगडी असते तेथे मी एका गोष्टीत तडजोड करत नाही. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ ही त्याची सुरुवातीची लक्षणे थकव्यासारखी वाटतात आणि प्रवासाने दमलेल्या माणसाला ती प्रवासाचीच वाटणार. घरात डोके दुखते आणि बाहेर पडल्यावर बरे वाटते, असे होत असेल तर ती धोक्याची खूण समजावी. सोयींच्या यादीत या वायूची सूचना देणारा गजर आहे की नाही हे लिहिलेले असते, पण यादीतला गजर भिंतीवर असेलच आणि भिंतीवरच्या गजरात चालू सेल असेलच याची खात्री कोणी देत नाही. मी माझा स्वतःचा छोटा गजर सोबत बाळगते. सामानातली ती एकमेव वस्तू आहे जिचा उपयोग होऊ नये अशी माझी इच्छा असते.

फर्निचरविषयी थोडक्यात सांगते. ‘कामासाठी स्वतंत्र जागा’ या सोयीचा अर्थ व्यवहारात ‘टेबल आहे’ एवढाच होतो. खुर्ची जेवणाच्या टेबलाची असते आणि दोन तासांत पाठ बोलू लागते. खुर्चीचे बाजूने काढलेले छायाचित्र मागवावे, मालक हसतात पण पाठवतात. सुरी कधीही धारदार नसते. पाचही घरांत नव्हती आणि मला आता तो या व्यवसायाचा अलिखित नियम वाटू लागला आहे. भिंतीवर समुद्राचे चित्र असते, समुद्र कितीही दूर असला तरी.

इंटरनेटविषयी मात्र दुप्पट काळजी घ्यावी लागते, कारण यादीत लिहिलेला वेग बहुधा माहिती उतरवून घेण्याचा असतो आणि व्हिडिओ बैठकीत आपला चेहरा आणि आवाज पलीकडे पोहोचवतो तो वर पाठवण्याचा वेग. उत्तम दर्जाच्या चित्रासाठीसुद्धा सेकंदाला तीन-चार मेगाबिट पुरतात, म्हणजे आकडा फार मोठा असण्याची गरज नाही. तो संध्याकाळीही टिकतो का आणि टेबल जेथे आहे तेथपर्यंत पोहोचतो का, हे पाहायला हवे. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती उन्हाळ्यात जेवढे सुख देतात तेवढाच वायफायचा घात करतात. माझ्या चौथ्या घरात राउटर पुढच्या दालनात होता आणि टेबल मागच्या खोलीत. मध्ये हातभर जाडीची भिंत. पहिले तीन दिवस मी जिन्यात बसून काम केले आणि चौथ्या दिवशी टेबलच उचलून दालनात आणले. निघताना ते परत जागेवर ठेवले, तेव्हा मालक म्हणाले की असू द्या तेथेच, आधीच्या पाहुण्यानेही तसेच केले होते. आधीच्या पाहुण्याच्या अभिप्रायात हे नव्हते.

आता या सेवेच्या ज्या उणिवेविषयी मला सर्वांत अधिक बोलायचे आहे ती. तिसऱ्या घरात मुक्कामाच्या अकराव्या दिवशी पाणी तापवण्याचे यंत्र बंद पडले. मालक दुसऱ्या शहरात राहत होते, किल्ली अंकांच्या कुलपाच्या पेटीतून मिळाली होती आणि तोवर आमची गाठ पडलेली नव्हती. त्यांचा फोन लागेना म्हणून मी बुकिंगच्या सेवेच्या मदत केंद्राशी संपर्क साधला. तेथे सौजन्याने तक्रार नोंदवली गेली, तिला क्रमांक मिळाला, छायाचित्रे मागितली गेली आणि मला पर्यायी घर शोधून देण्याची तयारीही दाखवण्यात आली. मोठ्या शहरात ही उत्तम सेवा ठरली असती. या गावात यादीवर एकूण चार घरे होती आणि उरलेली तिन्ही त्या आठवड्यात भरलेली होती. सुचवलेले सर्वांत जवळचे घर दुसऱ्या गावात, गाडीने तासाभराच्या अंतरावर होते आणि माझ्याकडे गाडी नव्हती. शेवटी समोरच्या घरातल्या आजोबांनी मला तीन दिवस बादली उचलताना पाहिले आणि कोणाला तरी हाक मारली. दुरुस्ती वीस मिनिटांत झाली.

या प्रसंगात कोणाचीही फार मोठी चूक होती असे मी म्हणणार नाही. पण त्यातून मला ही सेवा कशावर उभी आहे ते दिसले. तिची सगळी हमी पर्यायांवर उभी आहे: हे घर नाही तर ते, आणि तेही नाही तर पैसे परत. लहान गावात पर्याय नसतात, माणसे असतात आणि माणसांपर्यंत पोहोचण्याची वाट त्या सेवेच्या पानावर नसते. म्हणून मी आता घरापेक्षा मालक कोठे राहतो हे आधी पाहते. त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत राहणारा मालक असेल तर घराचे दोन दोष मी पोटात घालते. पाचव्या, थेट घेतलेल्या घरात मालकीणबाई खालच्या मजल्यावर होत्या. लेखी संरक्षण काहीच नव्हते, घरात नीट पडदेही नव्हते. पण पाणी कोणत्या वारी उशिरा येते, कचरा कोठे आणि कधी ठेवायचा, कोणता डॉक्टर फोन उचलतो आणि शेवटची बस कागदावरच्या वेळेआधी कशी निघून जाते, हे मला पहिल्या अर्ध्या तासात कळले होते. अशा शेजाराचा जाचही असतो, तो सांगायलाच हवा. मी किती वाजता दिवा मालवते हे त्यांना माहीत असे आणि तसे त्या बोलूनही दाखवत. पाळतीचा प्रश्न कॅमेऱ्यापुरता असता तर नियम स्पष्ट आहे, कारण एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे ठेवण्यास जगभर बंदी केली आहे. खालच्या मजल्यावरच्या खिडकीला कोणतीच बंदी लागू होत नाही आणि खरे सांगायचे तर सहाव्या आठवड्यापर्यंत मला ती आधाराची वाटू लागली होती.

गावाशी ओळख होण्याविषयी बोलायचे तर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. ओझरत्या ओळखी, ज्यांना त्यांनी दुबळे बंध म्हटले, त्याच आपल्यापर्यंत नवी माहिती आणतात. जिवलग माणसांना बहुधा तेवढेच ठाऊक असते जेवढे आपल्याला. महिनाभरात जिवलग मैत्री जुळत नाही आणि जुळावी अशी अपेक्षाही धरू नये. परंतु ओझरती ओळख दहा दिवसांत होऊ शकते, जर माणूस रोज ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी दिसला तर. मी आल्या आल्या एक वाचनालय किंवा एखादा बाक आणि एक दुकान ठरवून टाकते आणि रोज त्याच सुमारास तेथे जाते, काम असो वा नसो. पाचव्या-सहाव्या दिवशी समोरचा माणूस मान हलवतो आणि आठव्या दिवशी विचारतो की कोणाच्या घरी उतरला आहात. या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. त्यात मालकाचे नाव घेतले की गावाच्या मनातल्या नकाशावर आपल्याला एक जागा मिळते. ऑनलाइन यादीवर घराला दिलेले ‘निवांत शांतिकुंज’सारखे नाव सांगितले तर गावात कोणालाही काही कळत नाही.

कधीकधी मालकाचे नाव ऐकून समोरचा गप्प होतो, हेही अनुभवले आहे. अशी घरे वाढली की राहत्या माणसांना भाड्याने घर मिळणे अवघड होते, ही तक्रार निराधार नाही. अमेरिकेतील आकडेवारीवर आधारलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एखाद्या भागात एअरबीएनबीवरील घरे एक टक्क्याने वाढली की तेथील भाडे ०.०१८ टक्क्यांनी आणि घरांच्या किमती ०.०२६ टक्क्यांनी वाढतात. आकडा किरकोळ दिसतो, पण अशा याद्या टक्क्यांनी न वाढता पटींनी वाढतात. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी आणि यजमानाची घरातील उपस्थिती सक्तीची केली, तर बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत आपल्या १०,१०१ पर्यटक घरांचे परवाने संपुष्टात आणण्याचे जाहीर केले आहे. लहान गावांमध्ये असे कडक नियम सहसा नसतात, तेथे फक्त गप्प होणारी माणसे असतात. माझ्यापुरता मी एवढाच मार्ग काढला आहे की एरवी ज्या घरात एखादे कुटुंब राहिले असते असे संपूर्ण घर शक्यतो घ्यायचे नाही. मालकाच्याच घराचा रिकामा मजला किंवा मागची खोली घ्यायची. त्यात मालक जवळ असण्याचा माझा स्वार्थही साधतो.

मुक्काम किती दिवसांचा असावा, याविषयी माझे मत ठाम आहे. दहा दिवसांहून कमी राहायचे असेल तर या सेवेतून लहान गावात घर घेण्यापेक्षा साधे अतिथिगृह बरे, कारण पहिला आठवडा घराच्या खोड्या समजण्यात जातो आणि त्या समजल्याचा उपयोग व्हायच्या आत निघावे लागते. चार आठवडे हा योग्य मुक्काम आहे. साफसफाईचे शुल्क सहसा एकदाच आकारले जाते, त्यामुळे ते अधिक रात्रींवर पसरते. अनेक मालक आठवड्याला आणि महिन्याला सवलत देतात. आणि मालकही अशा पाहुण्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. एअरबीएनबीवर २८ किंवा त्याहून अधिक रात्रींच्या बुकिंगला रद्द करण्याचे वेगळे आणि अधिक कडक नियम लागू होतात, त्यामुळे न पाहिलेल्या गावात सरळ दोन महिन्यांचे बुकिंग करणे हा जुगार आहे. मी आधी दोन आठवडे घेते आणि पटले तर वाढवते. या युक्तीतही एक खोट आहे. मधल्याच एखाद्या शनिवार-रविवारी कोणीतरी ते घर घेऊन ठेवलेले असते आणि दोन रात्रींसाठी सगळे सामान बांधून बाहेर पडावे लागते. माझ्यावर हे एकदा आले, तेव्हा मालकांनी सामान स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि मी दोन दिवस एक पिशवी घेऊन शेजारच्या गावात जाऊन आले. दूरस्थ मालकाच्या बाबतीत हे जमले नसते.

मुदत संपताना ‘तुमचा मुक्काम कसा झाला’ असे विचारणारे पान उघडते. पाचव्या घराचा व्यवहार थेट असल्यामुळे तेथे असे काही पान नव्हते. बाकीच्या चारांपैकी दोन ठिकाणी मी पाच तारे दिले, एका ठिकाणी चार आणि पाणी तापवण्याच्या यंत्राच्या घराला तीन. तीन दिल्यावर मालकांचा प्रथमच फोन आला. ते दुखावलेले होते आणि त्यांचे म्हणणे होते की घर तर छायाचित्रात होते तसेच होते. ते खरेही होते. मी गुण बदलले नाहीत, पण अभिप्रायात आणखी तीन वाक्ये लिहायला हवी होती असे मला वाटले आणि सेवेच्या नियमानुसार आता ती घालता येत नव्हती. म्हणून मी ती त्यांनाच पाठवली: न्हाणीघराच्या मोरीत पोहोचताच एक तांब्या पाणी ओतावे, बाजाराचे अंतर पुलावरून मोजावे, आणि काही बिघडले तर समोरच्या घरातल्या आजोबांना, त्यांची संमती विचारून, किल्ली आणि फोन क्रमांक देऊन ठेवावेत. पंधरा दिवसांनी त्यांचा संदेश आला की पहिल्या दोन गोष्टी सूचनांच्या कागदावर घातल्या आहेत, आणि आजोबांचे नाव काय ते मला माहीत आहे का.